तीच जागा

“छत्री थोडी डावीकडे घ्या मावशी. लेन्सवर थेंब पडेल.”

“आन् माझ्यावर पडला तर?”

“तुम्ही पुसल्यावर कोरड्या व्हाल. लेन्सवर डाग राहतो.”

चांगुणामावशी हसल्या. डोक्यावरची घोंगडीची खोळ सावरून त्यांनी छत्री कॅमेऱ्यावर धरली आणि स्वतः पावसात उभ्या राहिल्या.

सकाळचे आठ वाजले होते. नाल्याच्या अलीकडे डोंगराची एक सोंड पुढे आली होती. तिच्यावरच्या एका सपाट कातळावर मी ट्रायपॉड लावला होता. समोर, नाल्यापलीकडे, मरगळेवाडी होती. घाटमाथ्यावरच्या गवळी धनगरांची चौदा घरं. वाडीच्या डोक्यावर हिरड्या-जांभळांच्या रानाचा तिरका उतार, आणि त्याच्याही मागे, बरंच लांब, हजार फुटांचा काळा दातेरी कडा. यातलं त्या क्षणी काहीही दिसत नव्हतं. सगळ्यावर ढग बसला होता.

“आजबी न्हाय उघडायचं,” मावशी म्हणाल्या.

“उघडेल. मला चार मिनिटं मिळाली तरी पुरे.”

“लई ठाम बोलतीस बाई तू.”

“कामच तसं आहे माझं.”

काम खरंच तसं होतं. मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते आणि सोळा वर्षं इमारतींचे फोटो काढत होते. नुसत्या उभ्या राहिलेल्या इमारतींचे नाही, चढत्या इमारतींचे. दर महिन्याच्या एक तारखेला त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून, त्याच लेन्सने एकच फोटो काढायचा. दोन महिन्यांचे दोन फोटो संगणकावर एकमेकांवर ठेवले की काम किती चढलं, कुठे अडलं, कुठला खांब तिरका गेला, सगळं उघडं पडतं. पुण्यात आणि नव्या मुंबईत मला यासाठी बोलावत. एकदा एका चौदा मजली सांगाड्याचा कोपरा मी केवळ फोटोवरून कलता दाखवला होता, आणि इंजिनियर ओळंबा लावून परत आला तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. ‘सबनीस मॅडमचा कॅमेरा म्हणजे ओळंबा’ असं साइटवर म्हणत. मला ते आवडे.

त्या वर्षी मात्र मोठं आणि मनासारखं काम मिळालं होतं. एका नव्या हॉटेलच्या बारा मजल्यांसाठी बारा जोड्या हव्या होत्या. प्रत्येक मजल्यावर एक शहर आणि एक डोंगर, समोरासमोरच्या भिंतींवर. शहराची आभाळाला लागलेली रेघ आणि डोंगराची रेघ एकमेकींशी जुळली पाहिजे, ही अट माझीच. आठ महिने मी हिंडत होते. तापीच्या पलीकडून पहाटेची सुरत काढली, होडीतून कोची काढली, हैदराबादला काचेच्या टॉवरांच्या पायाशी पडलेले हत्तीएवढे धोंडे काढले. लडाखात बोटं इतकी गारठली की बटण दाबलं की नाही हे आवाजावरून ओळखायचं. अकरा जोड्या झाल्या होत्या. बाराव्या जोडीतलं शहर तयार होतं, शिवडीच्या खाडीतून दिसणारी मुंबई, करवतीसारखी. तिच्यासाठी तसाच करवती कडा हवा होता, आणि तो मला इथे सापडला होता.

सोमवारी पहिला फोटो काढला. प्रकाश अगदी सपाट मिळाला. मंगळवार-बुधवार ढगाने कडा दाखवलाच नाही. पाऊस मधूनच कोसळे, मधूनच तासन् तास थांबे. आज गुरुवार. मी चांगुणामावशींच्याच घरी उतरले होते. त्या एकट्याच राहत. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, चार म्हशी होत्या, आणि शेजारच्या घरात त्यांचा दीर धाकलू मरगळे, वाडीचा पोलीस पाटील.

साडेआठला ढग फाटला. आधी वाडीची पत्र्याची छपरं दिसली, मग रान, मग एकदम सगळा कडा, आणि त्याच्या दातांवर तिरपं पिवळं ऊन. मी एकोणीस फोटो घेतले. पाच मिनिटांत पडदा परत पडला.

“मिळालं?” मावशींनी विचारलं.

“मिळालं. बारावा मजला झाला.”

घरी आल्यावर मावशी चुलीपुढे बसल्या, मी दाराशी उजेडात लॅपटॉप घेऊन बसले. सवयीने सोमवारचा फोटो उघडला आणि त्याच्यावर आजचा ठेवला. कड्याचे दात दातांवर बरोबर बसले. मग नजर खाली उतरली आणि मी थांबले.

रान जुळत नव्हतं. सोमवारी वाडीमागचा मोठा हिरडा कड्यातल्या एका पांढऱ्या पट्ट्याच्या बरोबर समोर होता. आज तो पट्ट्याच्या उजवीकडे आणि खाली होता. त्याच्या बाजूचं जांभूळही तसंच, गोठ्याचा वरचा बांधही तसाच. हिशेब केला तर अडीच-तीन फूट. सगळा उतार, झाडांसकट, उजवीकडे आणि खाली. मी फोटो पुन्हा जुळवले. तीनदा. तीनदा तेच.

“मावशी,” मी म्हटलं, “तुमच्या वाडीवरचं रान खाली सरकलंय. सोमवारपासून तीन फूट.”

त्यांच्या हातात भाकरी होती. ती त्यांनी तव्यावर टाकली नाही, परत परातीत ठेवली. रान कसं सरकेल, हे तुझ्या यंत्राला कसं कळलं, असलं काही त्यांनी विचारलं नाही. लॅपटॉपकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे पाहिलं.

“हे तू धाकलूला सांगशील? आत्ता मला सांगितलंस, आगदी तसंच?”

“तुमचे दीर आहेत. तुम्हीच सांगा ना, मी फोटो दाखवते.”

“मी न्हाय,” त्या म्हणाल्या. “तूच सांगायचं.”

अर्ध्या तासाने देवळात माणसं जमली. छोटंसं भैरोबाचं देऊळ, वीस माणसांत भरलं. धाकलू पाटील पन्नाशीचे, अंगाने काटक, बोलायला सावकाश. मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला आणि बाणाचं बटण दाखवलं. एकदा दाबलं की सोमवार, परत दाबलं की गुरुवार.

त्यांनी दाबलं. हिरडा खाली आला. परत दाबलं, वर गेला. मागून माणसं वाकून बघत होती. प्रत्येक वेळी बटण दाबलं की सगळा डोंगर एक पाऊल खाली उतरे, आणि चौकटीच्या खाली, फोटोत न आलेली, घरं होती. पाटलांनी ते दहा-बारा वेळा केलं. 

“बाई,” शेवटी ते म्हणाले, “दोन वर्सांखाली आमच्या वहिनींनी आसंच सगळ्यांस्नी उठवलं व्हतं. दरड येनार म्हनून. दोन राती शाळंत काढल्या, म्हशी दूध चोरायला लागल्या, एक वासरू गारठून मेलं. आन् दरड काय आली न्हाय.”

दोघेतिघे हसले. कोणीतरी हळूच ‘दरडवाली’ म्हणालं. चांगुणामावशी दाराशी बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला.

“मला तेव्हाचं माहीत नाही,” मी म्हटलं. “मला हे दोन फोटो माहीत आहेत.”

“यंत्र चुकत नसंल?”

“यंत्र चुकेल. मी चुकत नाही.” आज ते वाक्य लिहिताना मला घाम फुटतो. तेव्हा ते मी सहज बोलले. “सोळा वर्षं मी हेच करतेय पाटील. खांब दोन सूत हलला तरी मी फोटोवरून सांगते. इथे तीन फूट हललंय. तुम्ही आज संध्याकाळच्या आत इथून निघायला हवं. माणसं आणि जनावरं, सगळी.”

पाटलांनी लॅपटॉप बंद केला, पण दिला नाही.

“एक इचारतो. सोमवारी जितं घोडी मांडली व्हती,” ट्रायपॉडला वाडीत सगळे घोडी म्हणत, “तितंच आज मांडली? तीच जागा?”

“तीच. जागा मी विसरत नाही.”

“तुमच्याबिगर कोनी बघितलं?”

“चांगुणामावशी दोन्ही दिवस माझ्याबरोबर होत्या.”

पाटील वळले. “काय वहिनी?”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं नाही. “तीच जागा,” त्या म्हणाल्या. “त्योच दगुड. छत्री धरून मीच हुबी व्हते की.”

पाटलांनी क्षणभर डोळे मिटले. मग उठले आणि टोपी घातली. “चला. म्हशी सोडा.”

चौदा घरं रिकामी व्हायला दुपार गेली. वाटेने शंभर म्हशी, त्यांच्या मागे डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बाया, पाठीवर म्हातारी माणसं. पठारावरची शाळा दीड कोसावर होती. लखूआबा नावाचे ऐंशीचे एक म्हातारे उंबऱ्यावर बसून राहिले. “मागल्या टायमाला उठलो, आता न्हाय उठनार,” म्हणाले. मी त्यांच्यापुढे उकिडवी बसले आणि लॅपटॉप उघडून हिरडा वरखाली करून दाखवला. त्यांना नीट दिसत नव्हतं. “तुला पक्कं ठावं हाय?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “पक्कं.” तेवढ्यावर ते उठले. उजेड असतानाच शेवटचं माणूस शाळेत पोचलं. बासष्ट माणसं. मी मोजली.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला आम्ही शाळेच्या पडवीत चहा पीत होतो. पाऊस थांबला होता. काहीजण कुरकुरायला लागले होते, दोघं म्हशींना चारा आणायला परत निघाले होते आणि पाटील त्यांच्याशी वाद घालत होते. तेवढ्यात खालून एक आवाज आला. गडगडाट नव्हे. एखादं खूप मोठं कापड कोणीतरी सावकाश फाडावं तसा. तो बराच वेळ चालला. मग वास आला, ओल्या मातीचा आणि चिरडलेल्या पानांचा.

आम्ही धावत पठाराच्या कडेला गेलो. कडा होता तसाच होता. त्याच्या खालचं सगळं रान नाल्यात बसलं होतं. चौदातली अकरा घरं नव्हती. भैरोबाच्या देवळाचा कळस एका बाजूला दिसत होता. कोणी रडलं नाही, निदान लगेच नाही. लखूआबा माझ्याजवळ आले, माझा हात धरला आणि आपल्या कपाळाला लावला.

पुढचं कोणालाही कल्पता येईल. वर्तमानपत्रांत ते दोन फोटो शेजारी-शेजारी छापून आले, ‘कॅमेऱ्याने वाचवली वाडी’. धाकलू पाटलांचा दूरदृष्टीचे पोलीस पाटील म्हणून सत्कार झाला, माझा तर किती ठिकाणी झाला हे सांगत बसत नाही. इंजिनियरिंगच्या कॉलेजांतून मला व्याख्यानाला बोलावत. मी पडद्यावर सोमवार-गुरुवार करून दाखवी आणि प्रत्येक वेळी दोनशे मुलं एकदम श्वास रोखत. शेवटी मी सांगे, “जागा विसरायची नाही.” टाळ्या पडत.

असं दीड वर्ष गेलं. हॉटेलचं बांधकाम रखडलं होतं, ते त्या हिवाळ्यात पुरं झालं आणि मोठ्या छपाईसाठी त्यांनी मूळ फोटो मागितले. मी फोल्डर उघडलं. प्रत्येक जागेचा मी एक रुंद फोटोही घेऊन ठेवते, पायाखालचं दिसेल असा, पुढे परत यायचं झालं तर जागा सापडावी म्हणून. मरगळेवाडीचे ते दोन रुंद फोटो मी तोपर्यंत उघडलेही नव्हते. गरजच पडली नव्हती.

सोमवारच्या फोटोत, अगदी पुढे, डाव्या कोपऱ्यात करवंदीची एक जाळी होती. गुरुवारच्या फोटोत ती जाळी उजव्या कोपऱ्यात होती.

सोंडेवर दोन सपाट कातळ होते, चार-पाच पावलांच्या अंतरावर. मधे करवंदीची जाळी. गुरुवारी धुक्यात मी दुसऱ्या कातळावर ट्रायपॉड लावला होता, आणि तो हातभर उंच होता. चालत्या एसटीच्या खिडकीतून बघताना जवळचं झाड सरकतं आणि लांबचा डोंगर जागच्या जागी राहतो, तेवढंच झालं होतं. हिरडा हलला नव्हता, मी हलले होते. मी सगळे आकडे पुन्हा मांडले. तीन फुटांचा सगळा हिशेब माझ्या चार पावलांत आणि त्या हातभर उंचीत बसला. उतार त्या गुरुवारी सकाळी तसूभरही सरकलेला नव्हता.

बासष्ट माणसं मी एका चुकीवर उठवली होती.

चौथ्या दिवशी गाडी काढली आणि मरगळेवाडीला गेले.

वाडी तेव्हा पठारावर पत्र्याच्या शेडमध्ये होती. चांगुणामावशी म्हशीखाली बसून धार काढत होत्या. मला बघून उठायला लागल्या. मी म्हटलं, “बसा. मला आधी बोलू द्या, नाहीतर धीर राहणार नाही.” आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. दोन कातळ, करवंदीची जाळी, माझी चूक.

त्यांनी धार थांबवली नाही. चरवीत दुधाचा आवाज येत राहिला.

“ठावं हाय मला,” त्या म्हणाल्या.

“काय ठाऊक आहे?”

“घोडी दुसऱ्या दगडावर व्हती ते. सोमवारी जाळीच्या अल्याड, बेस्तरवारी पल्याड. छत्री धरून मीच हुबी व्हते न्हवं? तवाच दिसलं. म्हनलं आसंल हिच्या मनात, उंचावरनं बरं दिसत आसंल.”

“मग देवळात तुम्ही म्हणालात—”

“तीच जागा म्हनले. खोटं बोलले.” त्यांनी चरवी बाजूला ठेवली आणि म्हशीला थाप मारून उठल्या. “आईक. त्या आठवड्यात आमच्या झऱ्याला लाल पानी येत व्हतं. पाऊस थांबला तरी लालच. म्हशी रानात वर चढंनात, मारलं तरी माघारी फिरायच्या. मंगळवारी माझ्या घराचं दार लागंना, चौकट दाबली व्हती. मी धाकलूला सांगितलं. त्यो हासला. म्हनला, वहिनी, परत शाळंत निजायचं का? त्याचं तरी काय चुकलं? मागल्या टायमाला बी मी पान्यावरनंच सांगितलं व्हतं. मी चुकले व्हते तवा. मग माझं कोन आईकनार?”

“आणि मी आले.”

“तू आलीस. तुला झरा ठावं न्हाय, म्हशी ठावं न्हाय. पर कसं बोललीस! मी चुकत न्हाय, म्हनलीस. मला आसंच मानूस पायजे व्हतं.”

“म्हणजे तुम्ही मला वापरलंत.”

“व्हय,” मावशी म्हणाल्या. त्यात ओशाळेपण नव्हतं आणि फुशारकीही नव्हती. “तुझ्या जागी कुनीबी आसतं तरी वापरलं आसतं. बासट मानसं व्हती.”

मला राग आला. खरं सांगायचं तर दीड वर्षाच्या टाळ्या माझ्या होत्या, आणि त्या एका वाक्यात त्यांनी त्या काढून घेतल्या. मी शेडच्या बाहेर जाऊन उभी राहिले. त्या मागून आल्या आणि दुधाचा पेला माझ्या हातात दिला. गरम होतं, मी प्यायले.

“हे मी पाटलांना सांगणार आहे,” मी म्हटलं. “वर्तमानपत्रालाही कळवणार आहे.”

“सांग की. माझंबी सांग. चल, मीबी येते.”

वर्तमानपत्राला मी पुढे खरंच लिहिलं. आतल्या पानावर चार ओळी आल्या. व्याख्यानाची बोलावणी हळूहळू थांबली, साइटवर कोणीतरी ओळंब्यावरून विनोद केला, आणि मी प्रत्येक जागी खिळा ठोकायला शिकले. पण ते नंतरचं.

त्या दुपारी आम्ही पाटलांकडे गेलो. ते शेडपुढे खाटेवर कागद घेऊन बसले होते. कायमच्या घरांसाठी सरकारने पठाराच्या पूर्वेची जागा धरली होती, तीन वाजता अधिकारी येऊन पाटलांची सही घेणार होते. मी सांगत गेले, ते कागदांवर हात ठेवून ऐकत गेले. माझं संपल्यावर मावशींनी आपलं सांगितलं, दोन वाक्यांत.

पाटलांनी कागद बाजूला सारले.

“मंगळवारी वहिनी माझ्याकडं आल्या व्हत्या,” ते मला म्हणाले. “हे मी कुनालाच सांगितलं न्हाय. दूरद्रिष्टीचा पाटील म्हनून हार घातला तवाबी न्हाय. रोज सांगू सांगू म्हनलं.” मग ते मावशींकडे वळले, पण त्यांच्याकडे न बघता बोलले. “तुम्ही खोटं बोलला नसता, तर मी बटान दाबत बसलो आसतो देवळात.”

“झालं ते झालं,” मावशी म्हणाल्या.

“न्हाय झालं,” पाटील म्हणाले.

तीन वाजता जीप आली. अधिकारी तरुण होते, नीट बोलणारे. त्यांनी नकाशा बॉनेटवर पसरून कोपऱ्यांवर दगड ठेवले. “पाटील, इथे सही करा. उद्यापासून खुंट्या मारायला घेतो.”

पाटलांनी पेन घेतलं, टोपण काढलं, परत लावलं. “साहेब, वाईच दम खावा. आधी आमच्या वहिनी जागा बघत्याल.”

“पाटील, भूगर्भवाल्यांनी पाहिली आहे जागा.”

“त्यांनी बघितली, झ्याक झालं. आता ह्या बघत्याल.”

चांगुणामावशी एक क्षण घुटमळल्या. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना काय करावं ते सुचलं नसेल. मग त्यांनी चपला काढल्या आणि अनवाणी त्या मोकळ्या जमिनीवर उतरल्या. सावकाश, एकेक पाऊल टाकत. मधेच थांबत, टाच दाबून बघत, बसून मुठीत माती घेत, पुढे जात. शेडमधली माणसं एकेक करून बाहेर आली आणि कडेला उभी राहिली. कोणी हसलं नाही. लखूआबाही काठी टेकत आले.

अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे वळले. “तुम्ही त्या फोटोवाल्या सबनीस ना? तुमचं काय मत? जागा चांगली दिसते की.”

“मला नाही सांगता येणार,” मी म्हटलं. “त्यांना विचारा.”

मावशी खालच्या कोपऱ्याशी पोचल्या होत्या. तिथे त्या फार वेळ उभ्या राहिल्या, दोन्ही पाय एकाच जागी रोवून. मग वळून त्यांनी लांबूनच हात वर केला आणि मोठ्याने हाक मारली, “धाकलू! ह्या कोपऱ्यात तीन घरं न्हाय बांदायची. खालनं पानी वाहतंय.”

“पण जमीन तर खडखडीत कोरडी आहे,” अधिकारी म्हणाले.

“नकाशा फिरवा साहेब,” पाटील म्हणाले. “ती तीन घरं वर घ्या.”

अधिकाऱ्यांनी एकदा पाटलांकडे पाहिलं, एकदा कडेला उभ्या असलेल्या त्या साठ माणसांकडे, आणि खिशातून पेन्सिल काढली.